पवित्र पाणी: भरण्यापासून जमिनीत जिरवण्यापर्यंत

चर्चच्या दाराशी असलेल्या कुंडात पाणी भरणं हे काम बहुतेक वेळा सगळ्यात नव्या सेवकाकडे येतं. वेदीसेवक होऊ लागलेली मुलं, सॅक्रिस्टीत (वेदीशेजारच्या तयारीच्या खोलीत) मदतीला येणाऱ्या ताई, दुसऱ्या मंडळीतून लग्न होऊन कॅथलिक घरात आलेली सून, बाप्तिस्म्याची तयारी करणारे प्रौढ अशा सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे. विधीचे शब्द फादर म्हणतात. पण पाणी कुठलं, भांडं कोणतं, मीठ किती, कुंड कधी घासायचं आणि उरलेलं कुठे ओतायचं हे सेवकालाच बघावं लागतं. सोलापुरात ते पाण्याची पाळी आणि उन्हाळा सांभाळून करायचं असतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. आशीर्वादामुळे ते पाणी देवाच्या कामासाठी वेगळं काढलं जातं. त्याचं रसायन बदलत नाही. त्यात शेवाळ धरतं, डासांच्या अळ्या होतात, हातांवरचे जंतूही वाढतात. म्हणून त्याचा मान राखायचा आणि साध्या पाण्याइतकीच त्याच्या स्वच्छतेची काळजीही घ्यायची. पवित्र आहे म्हणून महिनोन्‌महिने त्याला हात लावायचा नाही, हा खोटा आदर झाला.

पाणी पवित्र कशाने होतं

कॅथलिक ख्रिस्तसभेत बिशप, धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) प्रार्थना करून पाण्याला आशीर्वाद देतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाण्यावर प्रार्थना केली तर ती चांगलीच गोष्ट, पण चर्चमध्ये ज्याला पवित्र पाणी म्हणतात ते हे नव्हे. पवित्र पाणी सात संस्कारांपैकीही नाही. ते आपल्याला बाप्तिस्म्याची आठवण करून देतं. त्यामागे ख्रिस्तसभेची प्रार्थना असते आणि घेणाऱ्याचा विश्वास लागतो. ताईत-गंड्याची जागा त्याला देऊ नये. आजारावर औषध म्हणून, परीक्षेत पास होण्यासाठी किंवा कुणाच्या ‘बाधे’वर उतारा म्हणून कोणी मागू लागलं तर आपल्या मनाने बाटली काढून देऊ नका, त्यांची फादरांशी गाठ घालून द्या. भूत काढण्याचा विधी तर धर्मगुरूलाही बिशपांच्या खास परवानगीशिवाय करता येत नाही; १९८३ च्या कॅनन कायद्याचं (ख्रिस्तसभेच्या कायद्याचं) ११७२ वं कलम ते स्पष्ट सांगतं.

लूर्दहून किंवा यार्देन नदीवरून कोणी बाटली आणतं, तेव्हा हमखास गोंधळ होतो. लूर्दचं पाणी १८५८ साली सापडलेल्या झऱ्याचं आहे. ते भक्तीने आणलेलं असतं, पण निव्वळ तिथून आणलं म्हणून ते आशीर्वादित पाणी होत नाही. फादरांकडून आशीर्वाद घेतला तर होईल. उलट, आशीर्वादासाठी उजनी धरणाचं नळाला येणारं पाणी अगदी पुरेसं आहे. अट एकच: ते खरं पाणी हवं. गुलाबपाणी, सोडा, सरबत चालत नाही.

पाणी कुठलं घ्यायचं

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून रविवारी सकाळी तोटी सोडून भांडं भरू असं धरून चालू नका. पाळीच्या दिवशीच भरून ठेवा. नळ आल्यावर सुरुवातीची पाच-दहा मिनिटं गढूळ पाणी येतं, ते झाडांना सोडा. नंतरचं पाणी सुती कापडाने गाळून स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात भरा आणि एक रात्र हलवू नका. गाळ तळाशी बसतो, क्लोरीनचा वासही कमी होतो. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी अलगद काढायचं आणि तळचं दोन बोटं पाणी तसंच सोडायचं. पावसाळ्यात पाणी पिवळसर आलं तर तुरटीचा खडा त्यात चार-पाच वेळा फिरवून रात्रभर ठेवा.

बोअरचं पाणी चालतं, पण ते जड असतं. कुंडाच्या काठाला त्याचा पांढरा थर बसतो आणि शिंपडणीची भोकं बुजतात. टँकरचं पाणी नाइलाज असेल तरच घ्या आणि तेही दोनदा गाळून. आरओचं पाणी लागत नाही. घरच्यासाठी बाटली नेणार असाल आणि त्यातला घोटभर प्यायचा विचार असेल, तर मात्र आधी उकळून गार केलेलं पाणी स्वच्छ बंद बाटलीत आशीर्वादासाठी न्या. दारातल्या कुंडातलं पाणी पिऊ नका, मुलांनाही पाजू नका. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या चर्चमधल्या कुंडांतलं आणि पवित्र झऱ्यांचं पाणी तपासलं, तेव्हा त्यात विष्ठेतून येणारे जिवाणू सापडले. ज्या चर्चमध्ये वर्दळ जास्त, तिथे जिवाणूही जास्त होते.

किती पाणी लागेल? मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) शिंपडण्यासाठी दोनशे माणसांना दीड ते दोन लिटर पुरे होतं. दारातल्या कुंडाला एका वेळी पाव लिटर. घरोघरी न्यायला द्यायचं असेल तर घरटी अर्धा लिटर धरा, म्हणजे शंभर घरांना पन्नास लिटर.

भांडं आणि मीठ

आशीर्वादासाठी स्टीलचं किंवा काचेचं रुंद तोंडाचं भांडं सगळ्यात चांगलं. पितळेचं दिसायला सुंदर, पण पाणी त्यात साठवून ठेवू नका. मीठ घातलेलं असेल तर दोन-चार दिवसांत हिरवा कळक धरतो आणि तो पोटात जाणं वाईट. पितळी बादली वापरायचीच असेल तर विधीपुरती वापरा आणि लगेच धुऊन कोरडी करा. चिंचेने किंवा पितांबरीने घासल्यावर नक्षीच्या खाचांत पूड राहते, तिथे जुना टूथब्रश फिरवा.

मीठ घालणं सक्तीचं नाही. जिथे तशी प्रथा आहे तिथे आजच्या विधीत ते घालता येतं, म्हणून आधी फादरांना विचारा. या प्रथेमागे बायबलमधला प्रसंग आहे: यरीहोचं पाणी वाईट होतं, तेव्हा अलीशा संदेष्ट्याने त्यात मीठ टाकलं आणि पाणी चांगलं झालं (२ राजे, अध्याय २). १६१४ च्या रोमन विधिग्रंथातल्या जुन्या पद्धतीत आधी मिठावर आणि मग पाण्यावर वेगवेगळ्या प्रार्थना होतात, आणि मीठ तीनदा क्रुसाच्या आकारात पाण्यात सोडलं जातं.

दहा लिटरला तीन चिमटी पुरेत. घरातलं बारीक मीठ घ्या. खडेमीठ वेळेत विरघळत नाही, तळाशी बसतं आणि शिंपडणीत अडकतं. छोट्या कोरड्या वाटीत काढून भांड्याशेजारी ठेवा. पावसाळ्यात आदल्या रात्री काढलं तर त्याला पाणी सुटतं, म्हणून मिस्साच्या आधीच काढा. मीठ घातलं म्हणजे पाणी टिकेल असं बरेच जण समजतात. चिमटीभर मिठाने पाणी टिकत नाही. लोणचं टिकतं ते त्यात मीठ भरपूर असतं म्हणून. जास्त मीठ घालाल तर धातूला गंज चढेल आणि संगमरवर खडबडीत होईल, एवढंच.

विधी कसा चालतो

मिस्साबाहेरचा विधी दहा मिनिटांचा असतो. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आशीर्वादांच्या ग्रंथात तो दिला आहे. क्रुसाची खूण आणि अभिवादन झालं की फादर दोन शब्दांत या पाण्याचा अर्थ सांगतात. मग बायबलवाचन, बरेचदा योहान ७:३७-३९, ज्यात तहानेल्याला येशू आपल्याकडे येऊन प्यायला बोलावतो. त्यानंतर आशीर्वादाची प्रार्थना आणि शेवटी जमलेल्यांवर शिंपडणं. सेवकाने भांड्याचं झाकण आधीच काढून बाजूला ठेवायचं, प्रार्थनेच्या मध्येच नव्हे. ज्या बाटल्यांवर आशीर्वाद हवा त्यांची झाकणंही सैल करून ठेवतात. त्याची गरज नाही, पण लोकांना तसं बरं वाटतं.

रविवारच्या मिस्सामध्ये, विशेषतः पास्काकाळात (ईस्टरपासूनच्या पन्नास दिवसांत), सुरुवातीच्या पश्चात्तापविधीच्या जागी पाण्याचा आशीर्वाद आणि शिंपडणं घेता येतं. तेव्हा भांडं फादरांच्या आसनाजवळ छोट्या टेबलावर लागतं, वेदीवर नाही. फादर आधी स्वतःवर, मग सेवकांवर आणि लोकांवर शिंपडत मधल्या वाटेने जातात. बादली धरणाऱ्या सेवकाने त्यांच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागे राहायचं. बादली अर्धीच भरा. काठोकाठ भरली की चालताना सांडते, आणि गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरतो.

शिंपडणी म्हणजे भोकांचा गोळा असलेली धातूची दांडी. काहींच्या गोळ्यात स्पंज असतो. विधीच्या आधी एकदा बुडवून झटकून बघा. पाणी येत नसेल तर गोळा फिरवून उघडा, बहुतेक वेळा मीठ किंवा बोअरच्या पाण्याचा चुना अडकलेला असतो. भोकं सुईने मोकळी करा. काम झाल्यावर साध्या पाण्याने धुऊन, उघडी ठेवून वाळवा. ओली बंद केली की स्पंजला आठवडाभरात कुबट वास येतो.

पास्काची रात्र

वर्षातला पाण्याचा सर्वात मोठा आशीर्वाद पवित्र शनिवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री होतो, आणि सेवकांच्या चुकाही त्याच रात्री जास्त होतात. कोणाचा बाप्तिस्मा असेल किंवा बाप्तिस्मा कुंडाला आशीर्वाद द्यायचा असेल, तर फादर प्रार्थना करताना पास्काची मोठी मेणबत्ती एकदा किंवा तीनदा पाण्यात उतरवू शकतात. यांपैकी काही नसेल तर नुसत्या शिंपडण्याच्या पाण्याला वेगळी, छोटी प्रार्थना आहे. त्यात मेणबत्ती बुडवत नाहीत. दोन्हींतलं काय आहे हे फादरांना दुपारीच विचारून ठेवा.

मेणबत्ती उतरवायची असेल तर भांडं किमान वीतभर खोल पाणी मावेल असं हवं. आदल्या दिवशी न पेटवता एकदा उतरवून बघा. मेणबत्तीचा बुडखा ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर धूळ आणि स्टँडचा गंज पाण्यात तरंगतो. वात फार लांब असेल तर कातरा. पेटती मेणबत्ती कलली की वितळलेलं मेण पाण्यात पडतं. पडलंच तर गार झाल्यावर गाळणीने काढा, घाबरायचं कारण नाही. हात पुसायला टॉवेल जवळ ठेवा, आणि माईकची वायर त्या टेबलाखालून जाता कामा नये.

घरी न्यायचं पाणी लोकांना भांड्यात बाटल्या बुडवून भरू देऊ नका. शंभर हात आणि शंभर बाटल्यांच्या बाहेरची धूळ त्यात जाते. तोटी असलेलं स्टीलचं पिंप वापरा आणि मिस्सा संपल्यावर एक जण तोटीशी उभा राहू द्या. नव्या सेवकाला हे काम द्यायला हरकत नाही, फक्त त्याच्या हाती एक नरसाळं द्या.

पुढचा भाग सोलापुरासाठी महत्त्वाचा आहे. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान येतो आणि पास्काकाळ पन्नास दिवस चालतो. त्या रात्री आशीर्वाद दिलेलं पाणी शक्यतो या पूर्ण काळातल्या बाप्तिस्म्यांना वापरायचं असतं. म्हणजे नेमका आपला एप्रिल-मे, पारा चाळिशीच्या वर. उघड्यावर किंवा पारदर्शक जारमध्ये ठेवलं तर आठ-दहा दिवसांत पाणी हिरवं पडू लागतं, कारण शेवाळाला प्रकाश आणि ऊब दोन्ही मिळतं. म्हणून ते झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात, सॅक्रिस्टीतल्या कपाटात, खिडकीपासून दूर ठेवा. बाप्तिस्म्यासाठी लागेल तेवढंच स्वच्छ ओगराळ्याने काढा आणि काढलेलं पुन्हा मूळ भांड्यात ओतू नका. वास किंवा रंग बदलला तर तान्ह्या बाळाच्या डोक्यावर ते घालायचं नाही. फादरांना सांगा, ते नव्या पाण्याला आशीर्वाद देतील. पास्काकाळाबाहेर तर प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्याला नव्याने आशीर्वाद देतातच.

दारातलं कुंड

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं डेंग्यूच्या काळात सांगितलं जातं. तो नियम कुंडालाही लागू आहे. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ सात ते दहा दिवसांत होते, आणि अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटलेली असतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत, घासावंच लागतं. शनिवारी दुपारी कुंड रिकामं करा, घासा, तासभर कोरडं ठेवा आणि संध्याकाळी भरा. उन्हाळ्यात बुधवारीही एकदा.

कुंड संगमरवरी असेल तर चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही लावू नका. आंबटाने संगमरवर विरघळतो, चकाकी जाते आणि खाचांत शेवाळ आणखी घट्ट धरतं. साध्या साबणाच्या पाण्याने मऊ फडक्यानेच पुसा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कुंडात बसेल अशी स्टीलची किंवा काचेची वाटी ठेवायची आणि धुवायला तेवढीच उचलायची. पाणी दोन सेंटिमीटर खोल असावं. बोटांची टोकं भिजली की पुरे. काही ठिकाणी कुंडात स्पंज ठेवतात. पाणी उडत नाही हे खरं, पण स्पंजात घाण साचते, म्हणून आम्ही तो टाळायला सांगू.

पाणी कमी पडलं तर? थोडं साधं पाणी मिसळता येतं, पण ते आशीर्वादित पाण्यापेक्षा कमी असावं, असा जुना संकेत आहे. दर आठवड्याला असं मिसळत राहण्यापेक्षा नवा आशीर्वाद घेणं सरळ.

उपवासकाळात (ईस्टरआधीच्या तयारीच्या दिवसांत) कुंड रिकामं ठेवून त्यात वाळू किंवा खडे भरायची टूम अधूनमधून निघते. २००० साली रोमच्या उपासना विभागाने स्पष्ट केलं की पूर्ण उपवासकाळ कुंडं रिकामी ठेवणं बरोबर नाही. पवित्र गुरुवार ते शनिवार या पास्काच्या दिवसांत ती रिकामी करतात, आणि पास्काच्या रात्रीच्या नव्या पाण्याने भरतात.

वापर

आत शिरताना उजव्या हाताच्या बोटांची टोकं भिजवायची आणि कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा अशी क्रुसाची खूण करायची: पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, आमेन. घाईत हात हवेत फिरवू नका; चार जागा नीट स्पर्शा. पाणी मागच्यावर झटकू नका. बाहेर पडताना पुन्हा केलं तरी चालतं, तसा नियम नाही.

घराचा, गाडीचा, दुकानाचा आशीर्वाद, लग्नातल्या अंगठ्या, झावळ्यांच्या रविवारी झावळ्या, भस्म बुधवारचं भस्म, आणि दफनविधीत शवपेटी, या सगळ्यांवर पवित्र पाणी शिंपडलं जातं. दफनाच्या वेळी शिंपडणं म्हणजे त्या माणसाच्या बाप्तिस्म्याची शेवटची आठवण. त्या दिवशी बादली विसरणं घरच्यांच्या फार जिव्हारी लागतं. कबरस्तानात नेताना पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत न्या आणि तिथे बादलीत ओता. घराच्या आशीर्वादाला इलेक्ट्रिकचे बोर्ड, टीव्ही, गॅसची शेगडी कुठे आहे ते फादरांच्या आधी बघून ठेवा.

घरी दाराशी किंवा पलंगाजवळ छोटं कुंड ठेवता येतं. रात्री मुलांच्या कपाळावर आई-वडिलांनी त्या पाण्याने क्रुसाची खूण करावी. साठवायची बाटली मिनरल वॉटरची असेल तर जुनं लेबल काढून ‘पवित्र पाणी’ आणि तारीख लिहा; नाहीतर पाहुणा पिऊन टाकतो किंवा कामवाल्या मावशी फरशीला वापरतात, आणि दोष त्यांचा नसतो. शेजारच्यांनी तीर्थ म्हणून मागितलं तर प्रेमाने द्या आणि ते शिंपडायचं, प्यायचं नाही, हे सांगा.

जिवाला धोका असेल, तान्हं बाळ काचेच्या पेटीत असेल, आणि फादर पोहोचणार नसतील, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. तेव्हा पाणी आशीर्वादित असण्याची गरज नाही. डोक्यावर तीनदा पाणी वाहील असं ओतायचं, आणि ओतणाऱ्यानेच नाव घेऊन म्हणायचं: ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो’, बाई असेल तर ‘देते’. नुसतं ओलं बोट टेकवणं पुरत नाही. ‘आम्ही’ म्हणू नका. तसा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असं रोमने २०२० साली सांगितलं आहे. बाळ पेटीत असताना डॉक्टर-नर्सना विचारून, कोमट पाण्याचे वाहते थेंब पुरेत. नंतर धर्मग्रामात (आपल्या पॅरिशमध्ये) नोंद करा.

इतर मंडळ्यांत

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून प्रॉटेस्टंट मंडळी आहे. त्या चर्चमध्ये दाराशी कुंड दिसणार नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर पाळकसाहेब प्रार्थना करतात, पण ते साठवून घरी नेण्याची रीत नाही. तिथल्या नातेवाइकांवर घरच्या कार्यक्रमात न विचारता पाणी शिंपडू नका.

ऑर्थोडॉक्स परंपरेत मात्र ते पितात. ६ जानेवारीला, जुन्या पंचांगाच्या मंडळ्यांत १९ जानेवारीला, येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाचा महाआशीर्वाद होतो. क्रूस तीनदा पाण्यात बुडवतात, तुळशीच्या जातीच्या सुगंधी डहाळीने शिंपडतात, आणि लोक ते पाणी वर्षभर घरी ठेवून सकाळी अनशापोटी घेतात. आर्मेनियन चर्चमध्ये त्याच दिवशी पाण्यात पवित्र तेलही घालतात. क्रुसाची खूण करताना ऑर्थोडॉक्स मंडळी उजवा खांदा आधी स्पर्शतात.

उरलेलं पाणी

मोरीत, बेसिनमध्ये किंवा गटारात ओतायचं नाही. सॅक्रिस्टीत सॅक्रेरियम (पवित्र पाणी ओतण्यासाठीचं खास बेसिन) असेल तर त्यात ओता. त्याचा पाइप गटाराला न जोडता थेट जमिनीत सोडलेला असतो. बांधकाम करताना प्लंबर हटकून तो ड्रेनेजला जोडतात, तेव्हा एकदा पाइप कुठे जातो ते पाहून घ्या. सॅक्रेरियम नसेल तर झाडाच्या मुळाशी, जिथे पायदळी येणार नाही अशा मातीत जिरवा. मीठ घातलेलं पाणी दर आठवड्याला त्याच कुंडीत ओतलं तर रोप करपतं. आवारातल्या कडुलिंबासारखं मोठं झाड निवडा आणि जागा बदलत राहा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी घरची जुनी बाटली रविवारी चर्चमध्ये आणून द्यावी. रिकामी बाटली साध्या पाण्याने विसळून ते पाणीही मातीत घाला, लेबल काढा, मग ती भंगारात दिली तरी चालते.